पिवळ्या रेघेपलीकडचा संगणक

सोमवार, ३ मार्च रोजी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी डेटलेफ व्हीबुश यांनी घरच्या संगणकाचे बटण दाबले आणि नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी तो सुरू झाला. आदल्या सोमवारी याच कामाला तेरा मिनिटे चाळीस सेकंद लागली होती. व्हीबुश यांनी वहीत फरक टिपला, त्याखाली पट्टीने रेघ मारली आणि स्वयंपाकघराच्या दिशेने जाहीर केले, "रोस्विता, आठवड्यात वीस सेकंदांनी खालावला."

"कोण? शेजारचा युर्गन?"

"संगणक."

"हां. मग ठीक आहे," रोस्विता म्हणाली आणि पुन्हा बटाटे सोलू लागली.

व्हीबुश यांच्या दृष्टीने ते ठीक नव्हते. त्यांनी वैधमापन खात्यात निरीक्षक म्हणून अडतीस वर्षे काढली होती. व्हेटरलिंगन आणि आसपासच्या चौदा गावांतला एकही तराजू त्यांच्या शिक्क्याशिवाय बटाटे तोलत नसे. गेली एकोणीस वर्षे ते या साऱ्यावर एक पुस्तक लिहीत होते: 'व्हेटरलिंगन व परिसरातील तराजू, वजने व मापे, मूळ नोंदींसह'. सहाशे चाळीस पाने झाली होती, दोनशे बारा तक्ते झाले होते. गावाला पुढच्या वर्षी साडेसातशे वर्षे पुरी होत होती आणि पालिकेने त्या उत्सवात पुस्तक छापायचे कबूल केले होते. मजकूर त्या वर्षीच्या जूनअखेर हवा होता. पुस्तकाची आतुरतेने वाट पाहणारे वाचक दोन होते. त्यांतले एक मागच्या हिवाळ्यात वारले.

पुस्तक या एकाच संगणकात होते. ज्या प्रणालीत व्हीबुश यांनी तक्ते रचले होते, ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि ती प्रणाली दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर चालायला तयार नव्हती. सावधगिरी म्हणून त्यांनी पुस्तकाची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवली होती. ती दुसरी हार्ड डिस्क त्याच संगणकाच्या त्याच डब्यात, पहिलीच्या खाली स्क्रूने पक्की बसवलेली होती.

निदान सोपे होते. यंत्राला चार गीगाबाइट रॅम होती, ती पुरत नव्हती. आणखी चारची एक पट्टी बसवली आणि एक एसएसडी जोडली, की संगणक सहज पाच वर्षे चालला असता. चौकातल्या दुकानातल्या विक्रेत्याने यंत्राचे वय तेरा वर्षे असल्याचे ऐकले आणि आवाज खाली आणून विचारले, "घरच्यांना कल्पना दिलीये का?" त्या जातीची पट्टी येणे बंद होऊन सात वर्षे झाली होती, असे त्याने सांगितले. इंटरनेटवर जुन्या पट्ट्या विकणारे होते. पण ज्या मालावर कोणाचाच शिक्का नाही तो व्हीबुश यांनी उभ्या जन्मात घेतला नव्हता.

शनिवारी ते नादुरुस्त किटली टाकायला पालिकेच्या टाकाऊ वस्तूंच्या आवारात गेले. किटली सहा क्रमांकाच्या कंटेनरमध्ये जाते हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी आत वाकून पाहिले आणि ते तसेच वाकलेले राहिले. किटलीच्या जागी, अगदी वर, त्यांचाच संगणक पडला होता. म्हणजे त्याचा जुळा भाऊ: तेच बनावटीचे नाव, तोच क्रमांक. बाजूचे पत्र्याचे झाकण निघालेले होते आणि आत चार गीगाबाइटची हिरवी पट्टी उन्हात चमकत होती.

"ग्राबोव्स्की, ती पट्टी मला मिळेल का?"

आवाराचे राखणदार ग्राबोव्स्की जमिनीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही पिवळी रेघ दिसतेय ना, साहेब? हिच्या अलीकडे असते ती वस्तू. पलीकडे गेली की कचरा. कचरा पालिकेच्या मालकीचा. बाहेर काढायचा नाही, असा नियम आहे."

"पण हिला तर तुम्ही वितळवणारच."

"वितळवणार. नियमाने."

व्हीबुश यांनी मान हलवली. नियम नीट मांडलेला होता, त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. ग्राबोव्स्कींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग कंटेनरकडे, मग आभाळाकडे.

"मी जरा मागच्या बाजूला सिगारेट ओढून येतो," ते सावकाश म्हणाले. "पाच मिनिटं लागतील. कॅमेरा बिघडलाय, बुधवारपासून. इथे कोणी नाहीये. पाच मिनिटं, व्हीबुशसाहेब."

"सावकाश ओढा," व्हीबुश म्हणाले.

पाच मिनिटांनी ग्राबोव्स्की परत आले तेव्हा व्हीबुश पिवळ्या रेघेच्या अलीकडे, बुटांची टोके रेघेला समांतर ठेवून, हात मागे बांधून उभे होते.

"काय हो?" ग्राबोव्स्की म्हणाले.

"तुम्ही नव्हतात, म्हणून थांबलो. तर मी असं विचारत होतो, की रीतसर परवानगी कोण देतं?"

ग्राबोव्स्कींनी हातातले सिगारेटचे पाकीट पुन्हा उघडले. "मी आणखी एक ओढली तर?"

"तब्येतीला बरं नाही ते."

रीतसर परवानगी जिल्ह्याचे कचरा-व्यवस्थापन कार्यालय देत असे. व्हीबुश यांनी पत्र लिहिले. नऊ आठवड्यांनी उत्तर आले. उपरोक्त विषयी कळवण्यात येते की कचरा हा नागरिकास देता येत नाही, कारण नागरिक हा कचऱ्याचा उगम आहे, कचऱ्याचे गंतव्यस्थान नव्हे. तथापि, जुन्या उपकरणांचे आयुष्य वाढवणे हे शासनाचे अग्रक्रमाचे धोरण असल्याने, 'पुनर्वापर-पूर्वतयारी संस्था' म्हणून प्रमाणित झालेल्या नोंदणीकृत संघास अशी उपकरणे हाताळता येतील. धोरणाची बत्तीस पानी रंगीत पुस्तिका सोबत जोडली होती.

"म्हणजे नाही म्हणाले," रोस्विता म्हणाली.

"उलट. त्यांनी मार्ग दाखवलाय."

"डेटलेफ, ती पट्टी केवढी असते रे?"

"तेरा सेंटिमीटर."

"आणि हा मार्ग?"

मार्गाची पहिली पायरी सात सभासदांची होती. त्याहून कमी माणसांचा संघ नोंदवता येत नाही. व्हीबुश आणि रोस्विता हे दोन झाले. तिसऱ्या झाल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या आडेलहाइड नोल्टे. त्यांना दर गुरुवारी संध्याकाळी काही काम नसे. दाताचे डॉक्टर फाल्क आणि त्यांची पत्नी, कारण त्यांच्या माळ्यावर चार जुने संगणक होते. शेजारचा युर्गन, कारण सभेला केक असणार होता. सातवा सभासद मिळेना, तेव्हा ग्राबोव्स्की म्हणाले, "मी येतो. खासगी नात्याने. शाप लागल्यासारखं झालंय मला, रोज तो कंटेनर बघतो आणि तुमची आठवण येते."

संघाचे नाव 'संगणक आयुर्वृद्धी संघ, व्हेटरलिंगन' असे ठरले. घटना व्हीबुश यांनी लिहिली. तिच्यात त्रेचाळीस कलमे होती आणि नोंदणी कार्यालयातल्या माणसाने अशी बिनचूक घटना वीस वर्षांत पाहिली नव्हती. कोणताही निर्णय घाईने होऊ नये म्हणून गणपूर्तीसाठी सातही सभासद हजर हवेत, असे कलम नऊ सांगत होते. ज्या विषयात सभासदाचा वैयक्तिक हितसंबंध असेल त्या विषयाच्या वेळी त्याने सभागृह सोडावे, असे कलम दहा होते. डॉक्टर फाल्कांच्या संगणकांत अर्ध्या गावाच्या दातांची माहिती असल्याने कलम अकरा आले: ताब्यात आलेले कोणतेही उपकरण उघडण्यापूर्वी त्यातील सर्व माहिती परत मिळणार नाही अशा रीतीने पुसून टाकावी.

घटना एकमताने मंजूर झाली. युर्गनने दुसऱ्यांदा केक घेतला.

नोंदणीला पाच महिने लागले. दरम्यान सहा क्रमांकाचा कंटेनर तीनदा भरला, तीनदा रिकामा झाला आणि तो जुळा भाऊ बेल्जियममध्ये कुठेतरी वितळून गेला. व्हीबुश यांनी त्याची वहीत नोंद केली. घरचा संगणक आता एकवीस मिनिटांनी सुरू होत होता. ऑक्टोबरात त्याने बाहेरून लावलेली प्रत्येक वस्तू ओळखणे सोडून दिले. पेन ड्राइव्ह लावला तरी तो काही बोलत नसे, प्रिंटर लावला तरी तेच. रोस्विताने फार पूर्वी सुचवले होते की निदान झालेली पाने तरी छापून ठेव; तेव्हा व्हीबुश म्हणाले होते, की अर्धवट भरलेले पोते कोणी तोलत नाही. आता त्यांनी पुस्तक ईमेलने स्वतःलाच पाठवून पाहिले. चार तासांनी संगणकाने 'पुन्हा प्रयत्न करा' असे कळवले आणि तो आपोआप बंद पडला.

नोंदणीनंतर प्रमाणपत्राचा टप्पा आला. प्रमाणित संस्थेला स्वतंत्र खोली लागते. ती चर्चने दिली. माहिती-संरक्षण अधिकारी लागतो. त्या नोल्टेबाई झाल्या आणि तीन दिवसांच्या प्रशिक्षणाहून पूर्ण बदलून परत आल्या. शिक्का मारलेला तराजू लागतो, आणि हे कलम वाचून व्हीबुश यांनी त्या वर्षात प्रथमच शीळ घातली. शिवाय प्रत्येक उपकरणाची नोंद जिल्ह्याच्या संकेतस्थळावर करावी लागे. ते संकेतस्थळ तीन वर्षांहून जुन्या संगणकावर उघडत नसे. सबब संगणक आयुर्वृद्धी संघाने शासकीय अनुदानातून सात नवे संगणक घेतले.

"हे बरंय," युर्गन आपल्या नव्या संगणकावरून हात फिरवत म्हणाला. "मी जुना लगेच टाकला."

प्रमाणपत्र टिकवायचे तर वर्षाला किमान दोन टन उपकरणे हाताळणे बंधनकारक होते. दोन टन म्हणजे साधारण दोनशे संगणक. चार हजार वस्तीच्या गावात बिघडलेले संगणक एकतीस निघाले. ते डिसेंबरातच संपले. संघाच्या तातडीच्या बैठकीत डॉक्टर फाल्क म्हणाले, "लोक बिघडेपर्यंत वापरत राहिले तर आपण आयुष्य वाढवायचं कोणाचं?" मुद्दा बिनतोड होता. त्या आठवड्यात घरोघरी हिरव्या अक्षरांत छापलेले पत्रक गेले: 'तुमचा संगणक अजून चालतो? म्हणजे तो वाचू शकतो! आजच आमच्याकडे द्या.'

व्हेटरलिंगनच्या लोकांना पर्यावरणाची मनापासून काळजी होती. शनिवारी आवाराबाहेर मोटारींची रांग लागली. दोन वर्षांचे, तीन वर्षांचे, एक तर वेष्टनातून अर्धाच बाहेर आलेला, असे संगणक पिवळ्या रेघेपलीकडे जमू लागले. देणाऱ्याला कापडी पिशवी मिळत असे. पिशवी घेऊन लोक थेट चौकातल्या दुकानात जात. फेब्रुवारीत दुकानातला विक्रेता संघाचा मानद, म्हणजे मत नसलेला, सभासद झाला आणि केक त्याच्याकडून येऊ लागला.

मार्चमध्ये या ढिगात व्हीबुश यांच्या संगणकाचा आणखी एक जुळा भाऊ आला. रोस्विताने स्वतः पाहिला. "डेटलेफ!" ती ओरडली. "पट्टी!"

पट्टी रीतसर काढली, तोलली, नोंदली. मग नोल्टेबाईंनी नियमावली उघडली.

"व्हीबुशसाहेब, ही पट्टी कचऱ्यातून आलेली आहे."

"बरोबर."

"तुमचा संगणक कचरा आहे का?"

"नाही. तो माझ्या टेबलावर आहे."

"मग बसवता येत नाही. कचऱ्यातला सुटा भाग चालू वस्तूत बसवला तर ती नवीन वस्तूची निर्मिती ठरते. त्याला कारखान्याचा परवाना लागतो. कचऱ्यातला भाग कचऱ्यातच बसवता येतो."

रोस्विताने हळूच पट्टीकडे पाहिले आणि मग नवऱ्याच्या कोटाच्या खिशाकडे. नवरा नियमावलीकडे पाहत होता.

"पान?" त्यांनी विचारले.

"अठ्ठ्याऐंशी."

त्यांनी वाचले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तर त्याला कचरा व्हावं लागेल."

एकदा हे मान्य केल्यावर बाकीचे सरळ होते. संगणक रेघेपलीकडे द्यायचा, संघाने त्यात पट्टी आणि एसएसडी बसवायची, आणि आयुष्य वाढलेला संगणक प्रतीक्षायादीतल्या पहिल्या अर्जदाराला द्यायचा. पहिला अर्ज व्हीबुश यांचाच होता. हार्ड डिस्क आधी काढून घरी ठेवण्याचा विचार त्यांनी केला. पण भाग काढलेले उपकरण 'अपूर्ण' ठरून थेट चुरा करायला जाते, असे पान एक्क्याण्णववर होते. माहिती पुसण्याचे कलम तर दुसऱ्याच्या हाती जाणाऱ्या संगणकांसाठी आहे, असा त्यांचा स्वतःचा समज होता. कलम त्यांनीच लिहिले असल्याने समजाबद्दल त्यांना शंका नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी त्यांनी संगणक ब्लँकेटमध्ये गुंडाळला, हातगाडीवर ठेवला आणि आवारात नेला. ग्राबोव्स्कींनी अर्ज पुढे केला: 'मी खाली सही करणार सदर वस्तू बाळगण्याची इच्छा या क्षणापासून सोडून देत आहे.'

"ब्लँकेट पण का?" ग्राबोव्स्कींनी विचारले.

"ब्लँकेट रोस्विताचं आहे."

"साहेब, अजून रेघेच्या अलीकडे आहात. मी काहीच पाहिलेलं नाही."

व्हीबुश यांनी सही केली, ब्लँकेटची घडी घातली आणि संगणक दोन्ही हातांनी पलीकडे ठेवला. तराजूवर तो अकरा किलो चारशे ग्रॅम भरला.

गुरुवारच्या बैठकीत नोल्टेबाईंनी कलम अकरा वाचून दाखवले. "'कोणतेही उपकरण.' इथे कोणतेही म्हटलंय, व्हीबुशसाहेब. दुसऱ्याला जाणारे, असं म्हटलेलं नाही."

"ते मी लिहिलंय."

"म्हणूनच तर. तुम्ही एक शब्द कमी-जास्त लिहीत नाही हे सगळ्या गावाला माहितीये."

व्हीबुश यांनी कलम स्वतः पुन्हा वाचले. वीस वर्षे, सहाशे चाळीस पाने, आणि दुसरी प्रत त्याच डब्यात.

"अहो, मग अपवाद करू या की!" डॉक्टर फाल्क म्हणाले. "हा काय परका माणूस आहे का? हात वर करा, झालं!" सहा हात वर गेले. युर्गनने दोन्ही केले. ग्राबोव्स्कींनी तर उभे राहून हात वर केला.

"थांबा," व्हीबुश म्हणाले. "या विषयात माझा हितसंबंध आहे. कलम दहा. मला बाहेर जावं लागेल."

"अरे, बस ना गपचूप!" रोस्विता म्हणाली.

ते बाहेर गेले. दार लावून घेतले. आत मिनिटभर कुजबुज झाली. मग दार उघडले आणि नोल्टेबाईंचा पडलेला चेहरा दिसला.

"तुम्ही बाहेर गेलात, तर आम्ही सहाच उरतो," त्या म्हणाल्या. "कलम नऊ. सात नसतील तर सभाच नाही."

"आणि मी आत आलो तर?"

"तर हितसंबंध."

व्हीबुश उंबऱ्यावर उभे राहिले. एक पाय आत टाकता येतो का, असे युर्गनने विचारले. हे इतिवृत्तात नोंदले गेले, पण त्यावर चर्चा झाली नाही. घटना बदलायची तर त्यालाही सात जण लागत होते, आणि तो बदल व्हीबुश यांच्यासाठी असल्याने त्यालाही त्यांना बाहेर जावे लागत होते. सव्वासात वाजता रोस्विता उठली आणि कोट घालून एकटीच घरी निघून गेली. केक त्या दिवशी उरला.

माहिती पुसायला अकरा तास लागले, कारण ती सात वेळा पुसायची असते. पुसल्याच्या प्रमाणपत्रावर संघाच्या अध्यक्षांची, म्हणजे व्हीबुश यांचीच, सही लागते. ग्राबोव्स्कींनी पेन पुढे केले आणि तोंड फिरवले. 'माहिती परत मिळवण्याची कोणतीही शक्यता उरलेली नाही' या ओळीखाली व्हीबुश यांनी सही केली. अक्षर नेहमीसारखेच सरळ होते. मग रॅमची पट्टी आणि एसएसडी बसवण्यात आली. त्याला बारा मिनिटे लागली.

संगणक अकरा सेकंदांत सुरू झाला.

संपूर्ण जिल्ह्यात हे यश गाजले. टाकाऊ ठरवलेले चौदा वर्षांचे यंत्र पुन्हा सेवेत! राज्य शासनाने संघाला आदर्श संस्थेचे मानचिन्ह दिले. एक उपसचिव येऊन बटण दाबून गेले आणि सेकंद मोजताना सर्वांनी एका सुरात आकडे म्हटले. पालिकेने उत्सवासाठी राखून ठेवलेली छपाई संघाच्या सचित्र वार्षिक अहवालाकडे वळवली, कारण दुसरा काही मजकूर जूनअखेर आलेला नव्हता. पहिल्या अर्जदाराला संगणक सुपूर्द करतानाचे छायाचित्र मुखपृष्ठावर आले. त्यात संघाचे अध्यक्ष संगणक देत होते आणि अर्जदार तो घेत होता, आणि दोन्ही व्हीबुशच असल्याने छायाचित्रकाराला ते दोनदा काढून जोडावे लागले.

सुपूर्द झाला त्या संध्याकाळी संगणक पुन्हा टेबलावर आला. व्हीबुश समोर बसले. पडदा स्वच्छ, निळा, रिकामा होता. रोस्विताने कॉफी आणून ठेवली आणि गेली नाही. खुर्ची ओढून बसली.

"एक विचारू? वीस वर्षांत विचारलं नाही मी."

"विचार."

"काय होतं रे त्यात?"

व्हीबुश यांनी चष्मा काढला. "तराजू होते."

"ते माहितीये."

"सत्तेचाळीसच्या हिवाळ्यातला एक होता," ते म्हणाले. "मिना ओल्कर्स नावाच्या बाईचं किराणा दुकान होतं, जुन्या गिरणीपाशी. रेशनचे दिवस. लोकांची पोटं खपाटीला गेलेली. तिचा तराजू सरकारी नोंदवहीत तीनदा तपासलेला दिसतो, तिन्ही वेळा 'बरोबर', खाली निरीक्षक ब्रांटची सही आणि शिक्का. पण ब्रांटची एक खासगी वही मला मिळाली. पेन्सिलीत लिहिलंय, अर्ध्या किलोमागे तीस ग्रॅम जास्त, गिऱ्हाइकाच्या बाजूने. बाईने वजन तळातून खरवडून… नाही, उलट, आत शिसं भरलं होतं. वजन जड, म्हणून माल जास्त."

"मग तिला कमी पडत नसेल?"

"पडायचंच. ती तूट ती स्वतःच्या रेशनकार्डातून भरायची. आणि ब्रांटला ते कळलं होतं. तीनदा कळलं, तीनदा त्याने शिक्का मारला." त्यांनी चष्म्याची काच पुसली. "माझ्या पुस्तकात दोन याद्या होत्या. खोटे तराजू आणि खरे तराजू. बाकी सगळे बसले. हा एक सहा वर्षं कुठल्या यादीत घालायचा ते ठरेना. तेवढ्यासाठी अडलं होतं."

रोस्विताने कॉफीचा कप त्यांच्याकडे सरकवला. "आणि आता?"

"आता याद्याच नाहीत," व्हीबुश म्हणाले. त्यांनी चष्मा चढवला आणि रिकाम्या पानावर लिहिले: 'मिना ओल्कर्स, किराणा.' मग बराच वेळ पुढचे लिहिले नाही. पण संगणक अजिबात अडला नाही, हे नमूद केले पाहिजे.

जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने ही सगळी हकिगत पानभर छापली. पुस्तक पुसले गेल्याचेही त्यात होते, चौथ्या स्तंभात. वाचकांची तीनशे बारा पत्रे आली. कोणी व्हीबुश यांना वेडे म्हटले, कोणी संघाला. पुष्कळांनी कळवले की आमच्याकडे असे काही घडूच शकत नाही. आपला जुना संगणक कुठे द्यायचा, असे बहुतेकांनी विचारले होते. पुस्तकात काय होते, हे एकाही पत्रात विचारलेले नव्हते.

वाचकहो, तुमचेही पत्र त्यात होते. सगळे मिळून शेवटी किती गीगाबाइट रॅम झाली, असे तुम्ही विचारले आहे.

आठ.